मदत हवी आहे: अँग्युलरमध्ये राउटवरचा कंपोनंट टेस्ट कसा करायचा? टेस्ट हिरव्या, पण पट्टी चुकीची

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात मार्केट यार्डातल्या एका गूळ अडत्यासाठी आम्ही दोघं पट्ट्यांचं ॲप करतोय. अँग्युलर १७ (वेब ॲप बनवायची चौकट), सगळे कंपोनंट (पानाचे तुकडे) स्टँडअलोन, म्हणजे मॉड्यूलशिवाय चालणारे. सौदा झाला की शेतकऱ्याचं नाव, रवे किती, वजन, दर, हमाली-तोलाई वजा जाऊन हातात येणारी रक्कम, हे सगळं एका पानावर दिसतं. त्या पानाच्या राउटमध्ये (पत्त्यात) पट्टीचा नंबर पॅरामीटर म्हणून येतो आणि वर ‘पुढची पट्टी’ असं बटण आहे.

परवा दिवाणजींचा फोन आला. त्यांनी ४१ वरून ‘पुढची पट्टी’ दाबलं. ॲड्रेसबारमध्ये ४२ आलं, पण खाली नाव, वजन, रक्कम सगळं ४१ चंच. रिफ्रेश केलं की बरोबर. प्रिंट निघाली होती, शेतकरी समोर उभा होता. सही घेताना दिवाणजींनी नाव मोठ्यानं वाचलं म्हणून सापडलं. नाहीतर एकाच्या घामाचे पैसे दुसऱ्याच्या खिशात गेले असते. तेव्हापासून डोक्याला चैन नाही.

माझ्या टेस्ट मात्र सगळ्या पास! त्यात मी ॲक्टिव्हेटेडराउटच्या (चालू राउटची माहिती देणाऱ्या ऑब्जेक्टच्या) जागी खोटा ऑब्जेक्ट देतो, ज्याचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची नोंद) कायम ४१ सांगतो. कंपोनंट एनजीऑनइनिटमध्ये (तो बनताना एकदाच चालणाऱ्या फंक्शनमध्ये) तो नंबर वाचतो आणि सर्व्हरकडून पट्टी आणतो. नंबर बदलण्याचा प्रसंग या टेस्टमध्ये येतच नाही, हे आता कळतंय.

म्हणून खोटा ऑब्जेक्ट काढला, प्रोव्हाइडराउटरमध्ये खरे राउट दिले, टेस्टबेडच्या (अँग्युलरच्या टेस्ट-साधनाच्या) क्रिएटकंपोनंटनं कंपोनंट उभा केला आणि राउटरला ४१ वर नेलं. तर आता नंबर नल (रिकामा) येतोय. जुन्या उत्तरांत राउटरटेस्टिंगमॉड्यूल वापरा म्हणतात, पण तो डेप्रिकेटेड (आता वापरू नका असं सांगितलेला) दिसतोय. सगळं ॲप न उठवता ४१ वरून ४२ वर जाण्याची टेस्ट कशी लिहायची? पाडव्याच्या सौद्यांआधी हे पक्कं करायचंय.

प्रतिसाद १

नल येणारच. क्रिएटकंपोनंटनं उभा केलेला कंपोनंट राउटर-आउटलेटमधून (राउटर जिथं पान बसवतो त्या जागेतून) आलेला नसतो, त्यामुळे त्याला मुळाचा राउट मिळतो, आणि मुळाला पॅरामीटर कुठला? अँग्युलर १५.२ पासून राउट टेस्ट करण्यासाठी राउटरटेस्टिंगहार्नेस आहे, तो वापरा. त्याच्या आत आउटलेट असतं. प्रोव्हाइडराउटर तसाच ठेवा, हार्नेस बनवा, नॅव्हिगेटबायूआरएलनं ४१ वर जा, अवेट करा (ते पूर्ण होऊ द्या), मग त्याच हार्नेसनं ४२ वर जा आणि पानावरचं नाव तपासा. दुसऱ्या आर्ग्युमेंटला कंपोनंटचा क्लास दिलात, तर भलताच कंपोनंट उघडल्यावर टेस्ट तिथंच एरर देते. एका टेस्टमध्ये एकच हार्नेस.

ही टेस्ट आधी लाल झालीच पाहिजे, ती तशी झालेली बघा. राउट तोच राहून नुसता पॅरामीटर बदलला की अँग्युलर कंपोनंट नवा बनवत नाही, आहे तोच वापरतो. एनजीऑनइनिट पुन्हा चालत नाही. तुमचा बग हाच. स्नॅपशॉट सोडा, पॅरममॅप (पॅरामीटर बदलला की कळवणारा प्रवाह) सबस्क्राइब करा आणि पट्टी आणण्याचं काम स्विचमॅपमध्ये घाला. मर्जमॅप नको, तो जुन्या विनंत्या चालूच ठेवतो: दिवाणजींनी बटण भराभर दाबलं, तर ४२ चं उत्तर ४३ च्या मागून येऊन बसेल. स्विचमॅप आधीची विनंती रद्द करतो.

मूळ लेखक

दादा, मनापासून आभार. टेस्ट लिहिली आणि लाल झाली: हवं होतं ४२ चं नाव, मिळालं ४१ चं. दिवाणजींना दिसलं ते माझ्या टर्मिनलवर जसंच्या तसं. स्विचमॅप घातल्यावरही तासभर लालच होती, कारण एचटीटीपीटेस्टिंगकंट्रोलरनं (टेस्टमधल्या खोट्या सर्व्हरनं) उत्तर फ्लश केल्यावर, म्हणजे पाठवल्यावर, हार्नेसचं डिटेक्टचेंजेस (पान ताजं करणारं) बोलवायचं राहिलं होतं. ते घातलं आणि हिरवी झाली.

आता ४२ चं उत्तर येण्याआधीच ४३ वर जाणारी टेस्ट लिहितोय. तिथं ४२ ची विनंती कॅन्सल्ड दिसतेय. तरी त्या मधल्या वेळात पानावर ४१ ची रक्कम तशीच राहते आणि प्रिंटचं बटण चालू असतं. नंबर बदलला की आधी पान रिकामं करावं की नुसतं प्रिंट बंद ठेवावं? तुम्ही काय करता?