एसटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटच्या) पाण्यातली औषधं क्लोरीन + यूव्हीने (अतिनील किरणांनी) जातात का?

ऐरोलीकर: सोसायटीच्या एसटीपीचं पाणी फ्लशला नि बागेला जातं, शेवटी क्लोरीन मारतात, आता यूव्हीपण लावायचं चाललंय. घरोघरी बीपीच्या, फिटच्या गोळ्या चालू, ते सगळं पाण्यात उतरतंच ना, मग निघतं का याने?

ठाणे_केमिस्ट्री: आधी क्रम बघा. पाण्यात क्लोरीन असतानाच यूव्ही पडला तर हायड्रॉक्सिल नि क्लोरीनचे रॅडिकल (झटकन अभिक्रिया करणारे कण) बनतात, तेच औषध फोडतात. फिटची कार्बामाझेपिन नुसत्या क्लोरीनला किंवा नुसत्या यूव्हीला फारशी दाद देत नाही, दोन्ही एकत्र असले की तुटते. दुखण्यावरचं डायक्लोफिनॅक मात्र नुसत्या यूव्हीनेही बऱ्यापैकी जातं.

ऐरोलीकर: मग घरच्या प्युरिफायरसारखा दिवा चालेल?

खारघरची_ताई: नाही हो दादा, तो जंतूंपुरता, औषधं फोडायला यूव्हीचा कितीतरी पट डोस लागतो. आणि अमोनिया आधी नीट काढायला सांगा, नाहीतर क्लोरीन त्यातच खर्ची पडतो. क्लोरीनमुळे क्लोरोफॉर्म, क्लोरेट असे घातक उपपदार्थपण बनतात, ते लॅबमधून तपासून घ्याच.