मदत हवी आहे : आबांची पलटण कोणती होती, हे कसे शोधावे?

सर्व जाणकारांना नमस्कार.

माझे आजोबा, म्हणजे आम्हा सगळ्यांचे आबा, गेल्या माघात सोलापुरात राहत्या घरी वारले. वर्षश्राद्धाच्या आत त्यांच्या आयुष्याची एक लहानशी पुस्तिका घरच्यांपुरती छापून घ्यावी, अशी आजीची इच्छा आहे आणि लिहिण्याचे काम तिने माझ्याकडे दिले आहे. बालपण, शेती, संसार आणि फौजेतून आल्यावर लक्ष्मी-विष्णू गिरणीत केलेली रखवालदारी, एवढे मी घरातल्या आठवणींवरून लिहून काढले आहे. मात्र १९६४ ते १९८० या सोळा वर्षांपाशी येऊन माझे लेखन थांबले आहे.

आबा मंगळवेढ्याजवळच्या आमच्या गावातून बेळगावला जाऊन मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले आणि हवालदार म्हणून निवृत्त झाले, एवढे निश्चित आहे. पलटण, म्हणजे त्या रेजिमेंटमधली बटालियन कोणती, हे मात्र घरात कोणालाच सांगता येत नाही. डिस्चार्ज बुक होते, परंतु जुन्या घराची भिंत पावसात खचली तेव्हा ते भिजले आणि ज्या पानांवर नेमणुकांची नोंद असावी त्यांवरची शाई पूर्ण पसरली आहे. लोखंडी ट्रंकेत चार पदके मिळाली : ‘पूर्वी स्टार’ (१९७१च्या युद्धातल्या पूर्व आघाडीचे पदक), संग्राम पदक, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचे पदक आणि नऊ वर्षांच्या दीर्घ सेवेचे पदक. संग्राम पदकाच्या कडेवर त्यांचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि रेजिमेंट कोरलेली आहे. पलटणीचा आकडा तिथे नाही.

पूर्वी स्टारमुळे आबा १९७१ साली पूर्वेच्या आघाडीवर होते हे कळते आणि त्यांच्या पत्रांवरचा ‘९९ एपीओ’ (आर्मी पोस्ट ऑफिस) हा पत्ताही तेच सांगतो, कारण पूर्वेकडच्या फौजेची टपाल ९९ एपीओमार्फत आणि पश्चिमेकडची ५६ एपीओमार्फत जात असे. आजीला तेव्हा वाचता येत नव्हते. आलेले पत्र गावातले गुरुजी ओट्यावर बसून मोठ्याने वाचून दाखवत आणि आबांना ते ठाऊक असल्यामुळे पत्रांत खाजगी असे काही नसे. डिसेंबर १९७१मधल्या पत्रात तर दोनच वाक्ये आहेत : ‘मी खुशाल आहे. ज्वारी निसवली का, ते कळवावे.’ आजीने पुढे प्रौढ वयात अक्षरे शिकून सर्वांत आधी हेच पत्र वाचले आणि आजही ते तिच्या पोथीत आहे.

गावातले लोक आबांना ‘ढाका जिंकणारे’ म्हणत. त्यामागे काही आधार असू शकतो, कारण १ मराठा, म्हणजे जंगी पलटण, ढाक्याच्या वाटेवर ब्रह्मपुत्रेकाठच्या जमालपूरला लढली होती. १० डिसेंबरच्या रात्री तिथल्या पाकिस्तानी तुकडीने वेढा फोडून दक्षिणेकडे निसटण्याचा प्रयत्न केला, तेव्हा ती याच पलटणीच्या मोर्च्यांवर आदळली आणि रात्रभर घनघोर लढाई झाली. पुढे १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. दरवर्षी १० डिसेंबरच्या रात्री आबा घरात झोपत नसत. अंगणात बाजेवर चादर लपेटून उजाडेपर्यंत बसून राहत आणि कोणी विचारले तर ‘थंडी चांगली पडलीय’ एवढेच म्हणत. हे दोन्ही जोडून पाहण्याचा मोह मला होतो. परंतु त्या युद्धात पूर्वेकडे मराठ्यांची ही एकच पलटण नव्हती आणि केवळ एका तारखेवरून मी आबांना जमालपूरला नेऊन ठेवले, तर ते त्यांना मुळीच आवडले नसते. एकदा २६ जानेवारीला शाळेत त्यांची ओळख करून देताना वक्त्याने बरेच वाढवून सांगितले. आबांनी उठून त्यांना मध्येच थांबवले आणि म्हणाले, ‘मी पलटणीबरोबर होतो, तेवढंच सांगा.’ पुस्तिकेत तेवढेच आणि खरे यावे, अशी माझी धडपड आहे.

बेळगावच्या अभिलेख कार्यालयाकडून सेवेचा तपशील मागवायचा असेल, तर अर्ज कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या आजीच्या नावाने करावा की नातू म्हणून मी करावा? सोबत कोणती कागदपत्रे जोडावीत? एका कार्यालयात मी दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा पलटणीचा क्रमांक आणा, मग पाहू, असे उत्तर मिळाले आणि नेमका तोच तर मी शोधतो आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत असा अर्ज कोणी केला असल्यास त्याचा अनुभव कृपया सविस्तर लिहावा. पत्रांवरच्या शिक्क्यांत गावाचे नाव नसून फील्ड पोस्ट ऑफिसचा फक्त क्रमांक आहे. त्या क्रमांकावरून त्या महिन्यातली ब्रिगेड किंवा डिव्हिजन ओळखता येते का, हे टपाल-संग्राहकांपैकी कोणी सांगितले तर मोठीच मदत होईल. पदके काळवंडली आहेत. कोरलेली अक्षरे झिजू नयेत म्हणून मी त्यांना चिंच किंवा पॉलिश काहीही लावलेले नाही. ती तशीच ठेवावीत का, हेही विचारतो.

आणखी एक धागा आहे आणि माझी सर्वांत जास्त आशा त्याच्यावर आहे. सिद्धेश्वराच्या यात्रेत, अक्षता सोहळ्याच्या दिवशी, आबांना भेटायला त्यांच्या पलटणीतले एक मित्र येत. आबा त्यांना ‘बार्शीकर’ म्हणत. खरे नाव आजीलाही माहीत नाही. संमती कट्ट्याजवळ दोघे भेटत, नंदीध्वजांचे दर्शन घेत, मग घरी येऊन आजीच्या हातची बाजरीची भाकरी आणि शेंगाचटणी खात आणि फारसे न बोलता संध्याकाळच्या गाडीने ते परत जात. साधारण २००८नंतर ते आले नाहीत. त्यांच्या डाव्या हाताची करंगळी नव्हती आणि ते आबांना ‘पाटील’ म्हणत, जरी आम्ही पाटील नाही. बार्शी तालुक्यात कोणाचे वडील किंवा आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते आणि दर संक्रांतीला सोलापूरला एका मित्राकडे जात असत, असे कोणाला आठवत असेल, तर कृपया इथे कळवावे. त्यांच्या डिस्चार्ज बुकात पलटणीचा आकडा असेलच. तो नसला तरीही मी आजीला घेऊन त्यांच्या घरी येईन.