मदत हवी आहे: भुसावळकडच्या जुन्या दफनभूमीत जहाजावरच्या माणसाची कबर, त्यावरचा लेख कसा वाचायचा?

तापीकाठचा:

नमस्कार मंडळी, धागा लांबणार आहे पण सगळं एकदम सांगितलेलं बरं.

आमच्या भुसावळकडे रेल्वेच्या काळातली एक जुनी ख्रिस्ती दफनभूमी आहे. आमची आजी, मोठे आजोबा तिथेच आहेत, त्यामुळे दोन नोव्हेंबरच्या, म्हणजे मृतांच्या स्मरणदिनाच्या, आधी आम्ही घरचे सगळे मिळून गवत काढायला, कबरी धुवायला जातो. यंदा आजीच्या ओळीच्या मागे वेड्या बाभळीचं रान माजलं होतं ते तोडलं तर आत एक कबर निघाली, आमच्या घरात कोणालाच ती माहीत नव्हती. काळ्या दगडाचा चौथरा, डोक्याकडे उभा दगड, त्यात संगमरवरी पाटी बसवलेली. पाटीच्या वर जहाजाचा नांगर कोरलाय आणि त्याच्या दांड्याला दोर गुंडाळलेला आहे, एवढ्या वर्षांनी पण दोराचा पीळ न पीळ दिसतो, बोट फिरवलं तर कळतो. ज्याने कोरलं त्याचा हात काय असेल!

पाटीवरची अक्षरं शिशाची होती, त्यातली बरीच गळून पडलीत किंवा कोणी उपटून नेलीत. जे शाबूत आहे त्यात इंग्रजीत इंजिनिअर एवढा शब्द, मग आर आय एम, खाली भुसावळ, आणि साल १९ नंतर एक आकडा गायब आणि शेवटी ८. म्हणजे १९०८, १९१८, १९२८ काहीही असू शकतं. नावाचं फक्त पहिलं अक्षर आहे, बाकी सगळी बारीक बारीक भोकं.

आता घाई का करतोय ते सांगतो. कुंपणाच्या भिंतीचं काम निघालंय आणि ठेकेदाराचं म्हणणं आहे की कललेले, सुटे दगड काढून भिंतीच्या कडेला ओळीने लावून ठेवू, साफ दिसेल. हा दगड चांगलाच कललाय, आपली काळी कपाशीची जमीन, पावसात फुगते उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, कुठलाच दगड सरळ राहत नाही. पण एकदा दगड हलला की खाली कोण आहे ते कायमचं गेलं ना भाऊ. मला हे अजिबात पटत नाहीये. समुद्र इथून रेल्वेने चारशे किलोमीटरच्या वर, हा माणूस इथे कसा आला, त्याचं नाव काय, हे कळायला पाहिजे असं फार वाटतंय. तो परका असेल पण आता आमच्या आजीचा शेजारी आहे.

तर दगडाला इजा न करता हे वाचायचं कसं, आर आय एम म्हणजे काय, नांगरावरून खलाशी की ऑफिसर ते कळतं का, आणि असल्या माणसाची नोंद कुठे मिळेल, ज्याला जे माहीत असेल ते सांगा.

केळीबाग:

मस्त सापडलंय दादा. आमच्या रावेरकडे गावातली पोरं जुन्या दगडावर खडू घासतात नाहीतर रांगोळी भुरभुरतात, अक्षरं लगेच उठून दिसतात. करून बघा, सोपं आहे.

शिळा धुळेकर:

केळीबाग भाऊ, राग मानू नका पण खडू नको, रांगोळी नको, चुना नको, पीठ तर मुळीच नको. संगमरवर असली पूड पिऊन घेतो, डाग जात नाहीत आणि खडूने कडा झिजतात. तारेचा ब्रश आणि संडास साफ करायचं अ‍ॅसिड हे तर संगमरवराचं मरणच, अ‍ॅसिड लागलं की दगड फसफसतो आणि वरचा पातळ थर विरघळून जातो. साधं पाणी, मऊ ब्रश किंवा कापड, बास.

मी वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव दगड, वाचत फिरतो त्यामुळे खात्रीने सांगतो, दगड वाचायचा तर उजेड बाजूने पाहिजे. दुपारी बारा वाजता काहीच दिसत नाही. अंधार पडल्यावर जा, एक जण टॉर्च पाटीला जवळजवळ चिकटवून कडेने धरेल, दुसऱ्याने समोरून फोटो काढायचे, मग टॉर्च वरून, खालून, दुसऱ्या बाजूने. प्रत्येक कोनात वेगळी रेघ उठते.

तुमची ती भोकं आहेत ना तीच तुमची अक्षरं आहेत. शिशाचं अक्षर बसवताना आधी संगमरवरात अक्षराचा खोलगट आकार कोरतात, त्यात ड्रिलने भोकं पाडतात आणि शिसं त्या भोकांत ठोकून बसवतात म्हणजे ते धरून राहतं. शिसं गेलं तरी भोकांची मांडणी राहते. ट्रेसिंग पेपर लावून पेन्सिलीने फक्त भोकं टिपा, घरी बसून जोडा. आणि जे आकडे शाबूत आहेत त्यांच्यातलं अंतर मोजा, त्यावरून गायब आकडा किती रुंद होता ते कळेल.

तसं दर्यावरच्या माणसांची स्मारकं आपल्याकडे फार जुनी आहेत हो. बोरिवलीजवळ एकसरला वीरगळ आहेत, त्यावर वल्ह्यांच्या जहाजांची लढाई कोरलीय, शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्या लढाईशी संबंध जोडतात. जमलं तर बघून या.

निवृत्त नौसैनिक, चाळीसगाव:

तापीकाठचे भाऊ, आर आय एम म्हणजे रॉयल इंडियन मरीन. आपल्या नौदलाचंच आधीचं नाव. कंपनी सरकारच्या काळात बॉम्बे मरीन, १८३० ला इंडियन नेव्ही, १८६३ ला परत बॉम्बे मरीन, १८७७ ला इंडियन मरीन, १८९२ ला रॉयल इंडियन मरीन, १९३४ ला रॉयल इंडियन नेव्ही आणि २६ जानेवारी १९५० पासून नुसतं इंडियन नेव्ही. त्यामुळे दगडावरच्या नावावरूनच काळ बऱ्यापैकी ठरतो, तुमची तिन्ही सालं १८९२ ते १९३४ मधे बसतात. आर आय एम नंतर अजून एक एस असला तर ते जहाज समजायचं आणि पुढे जहाजाचं नाव असणार, हार्डिंज, डफरिन, नॉर्थब्रुक अशी त्यांची जहाजं होती. तेव्हा त्या जागेची भोकं नीट बघा.

नांगराबद्दल जरा जपून. नुसता नांगर असला तर तो ख्रिस्ती कबरीवर आशेची खूण म्हणून पण असतो, बायबलातल्या इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायात आहे ते, तुम्हाला माहीत असेलच. जन्मात समुद्र न पाहिलेल्या बायाबापड्यांच्या कबरीवर सुद्धा तो सापडतो. पण दोर गुंडाळलेला नांगर हे नौदलाचं चिन्ह, आणि सोबत आर आय एम आहे म्हटल्यावर शंका नको. हुद्दा मात्र त्यावरून ठरत नाही.

साल १९१८ निघालं तर एक काम लगेच करा. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन, म्हणजे युद्धात गेलेल्यांच्या कबरी आणि नावं सांभाळणारी संस्था, तिची वेबसाइट आहे, शोध फुकट आहे. पहिल्या महायुद्धासाठी ते ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ एवढा काळ धरतात आणि त्यात नोकरीवर असताना गेलेला माणूस आजाराने गेला असला तरी यादीत येतो. १९१८ ला इन्फ्लुएंझाने किती माणसं गेली, रेल्वेच्या गावांत तर साथ गाडीबरोबरच यायची. तो यादीत असला तर कमिशनला कळवा, ठेकेदाराला थांबवायला मोठा आधार मिळेल.

दर्यावर्दी राजापूर:

मी कोकणातला, आमच्या घरात बोटीवर जाणारे पिढ्यान् पिढ्या. धागा वाचून बरं वाटलं आणि थोडं दुखलं पण. आमच्या पणजोबांच्या भावाला कबर नाही, पहिल्या युद्धात बोट बुडाली त्यात गेले. मुंबईत मशीद बंदरला इंडियन सेलर्स होम आहे, तिथे पहिल्या युद्धातल्या दोन हजारांवर हिंदी खलाशांचं स्मारक आहे, ज्यांना समुद्राशिवाय दुसरी कबर नाही अशांचं. दुसऱ्या महायुद्धातल्या साडेसहा हजारांच्या आसपास माणसांची नावं नोंदवहीत आहेत, तशीच एक वही चितगावला पण ठेवलीय. आमची म्हातारी माणसं त्या नावावरून हात फिरवून यायची. साहेबाला संगमरवर मिळाला आणि आमच्या माणसाला एक ओळ, हे खरं आहे. तरी तुम्ही तो दगड सोडू नका. नाव असलेलं बरं असतं, हे ज्याच्या घरात नाव नाही त्यालाच कळतं.

आणि एक, चर्चच्या भिंतीवर पाटी दिसली म्हणजे माणूस तिथेच पुरलाय असं नसतं. मुंबईत फोर्टात सेंट थॉमस कथीड्रलमधे कॅप्टन हार्डिंजचं मोठं स्मारक आहे, सॅन फिओरेंझो जहाजाचा कप्तान, ८ मार्च १८०८ ला पिएमाँतेझ या फ्रेंच जहाजाशी लढताना गेला. लढाई झाली कन्याकुमारीच्या बाजूला, त्याला मुंबईत पुरलेलं नाही. तुमच्याकडे चौथरा आहे म्हणजे माणूस खाली आहे, म्हणून तर हलवायला देऊ नका.

शिळा धुळेकर:

नोंदींचं राहिलं होतं. दफन झालं की पाद्री रजिस्टरमधे लिहायचा आणि त्याची नक्कल लंडनला जायची. त्या नकला आज ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समधे आहेत, मुंबई इलाख्याचा विभाग एन/३. त्यात नाव, वय, धंदा, मृत्यूची तारीख, दफनाची तारीख, बऱ्याचदा मरणाचं कारण पण असतं. फॅमिलीसर्च साइटवर नावांची सूची फुकट बघता येते. नावाचं एकच अक्षर असलं तरी गाव आणि साल टाकून शोधा, फक्त भुसावळचं स्पेलिंग जुन्या कागदात निरनिराळं असतं, सगळी करून बघा. मूळ रजिस्टर इथेच असू शकतं, जुनी अँग्लिकन चर्चेस १९७० ला चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आली, तेव्हा आधी तुमच्या पाळकांना विचारा, मग नाशिकला डायोसिसच्या (धर्मप्रांताच्या) ऑफिसात. आणि ग्रीनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियमकडे खलाशी आणि नौदलाच्या लोकांच्या चर्चमधल्या पाट्या, कबरी यांची मोठी यादी आहे, तिथे पण डोकवा.

तापीकाठचा:

मंडळी, तुमचे उपकार कसे फेडू. चुलतभाऊ आणि मी अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन बसलो, धुळेकर भाऊंनी सांगितलं तसंच. कडेने उजेड पडला आणि जिथे दिवसा गुळगुळीत वाटत होतं तिथे अक्षरांच्या कडा अशा वर आल्या की आम्ही दोघं गप्पच झालो. गायब आकड्याची भोकं ट्रेसिंगवर घेतली, खालच्या बाजूला एका सरळ रेषेत भोकं आहेत आणि वर कमान. शून्याला खाली सरळ रेघ येणार नाही, एकाला एवढी रुंदी लागणार नाही. तो २ आहे. साल १९२८. महिना मार्च असावा, पाच अक्षरं बसतात आणि पहिलं एम स्पष्ट आहे.

म्हणजे वॉर ग्रेव्ह्जच्या यादीत तो येणार नाही, तिकडचा आधार गेला. आर आय एम नंतर एस नाही, पण आधी फॉर्मरली, म्हणजे पूर्वी, असा शब्द लागला, म्हणजे नोकरी सोडून इकडे आलेला. खाली जी आय पी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची, तीन अक्षरं पण निघाली. आमचे काका लोको शेडमधून रिटायर झालेत, त्यांनी बघताच सांगितलं, जहाजाचं वाफेचं इंजिन सांभाळलेला माणूस इथे शेडमधे लागला असणार, बॉयलर तो बॉयलर. मला पटलं. नाव अजून अर्धंच आहे, आडनावाची पाच अक्षरं, त्यातली दोन नक्की. पाळकांनी जुन्या रजिस्टरची पेटी उघडायचं कबूल केलंय.

ठेकेदाराशी पण बोलणं झालं. तो म्हणाला दगड सरळ उभा असला तर मी कशाला हलवू. तर आता तो सरळ करायचाय, कसा करू?

निवृत्त नौसैनिक, चाळीसगाव:

१९२८ म्हणजे बघा, त्याच साली रॉयल इंडियन मरीनमधे पहिल्या भारतीयाला कमिशन, म्हणजे अधिकारीपद, मिळालं, डी. एन. मुखर्जी, आणि ते पण इंजिनिअर शाखेतच. तुमच्या माणसाचं सर्व्हिस रेकॉर्ड पण इंडिया ऑफिसच्याच कागदात शोधावं लागेल, नाव पूर्ण लागलं की सांगा, मी पत्र कसं लिहायचं ते कळवतो.

शिळा धुळेकर:

सरळ करताना हाताने रेटू नका, पाटी तडकेल. तिकाटणं आणि चेनपुली लावा, पट्टा कापडी घ्या, साखळी दगडाला लावू नका. पायाची काळी माती पूर्ण काढून तिथे मुरूम आणि खडी भरून चांगलं धुम्मस करा, नाहीतर दोन पावसाळ्यांत परत कलेल. सांधे चुन्यात भरा, सिमेंट नको, सिमेंट ओल धरून ठेवतं आणि क्षार दगडात उतरवतं. आणि हलवायच्या आधी चारी बाजूंनी फोटो, बाजूला मोजपट्टी ठेवून.

तापीकाठचा:

मुरूम आणि चेनपुलीची सोय होतेय, आमच्या शेजारचे आप्पा देतो म्हणाले. पाऊस लागायच्या आधी करून टाकतो.

एक शेवटची विनंती मुंबईकरांना. एशियाटिकच्या लायब्ररीत जुनी वर्तमानपत्रं आहेत, कोणाचं तिथे जाणंयेणं असेल तर मार्च आणि एप्रिल १९२८ च्या टाइम्समधल्या निधनवार्ता बघाल का? भुसावळ, इंजिनिअर, पूर्वी मरीनमधे, नावाचं पहिलं अक्षर डब्ल्यू, आडनाव पाच अक्षरी, दुसरं अक्षर ए आणि शेवटचं एस. ट्रेसिंगचा फोटो खाली टाकतोय, कोणाला आडनावातलं अजून एखादं अक्षर लागलं तर जरूर कळवा.