प्रभुभोजनातील ‘शरीर’ म्हणजे नेमके काय?

नगरची लेक:
गेल्या वर्षी मामेबहिणीच्या लग्नाच्या मिस्सात, म्हणजे कॅथलिक उपासनेत, ख्रिस्तप्रसादाची (प्रभुभोजनातील भाकरी घेण्याची) रांग पुढे सरकत असताना मी प्रोटेस्टंट म्हणून बाकावरच बसून राहिले. तेव्हापासून मनात घोळणारा विचार येथे मांडत आहे. 1529 साली जर्मनीतील मारबुर्ग येथे लुथर आणि झ्विंग्ली हे दोन प्रोटेस्टंट धर्मसुधारक समोरासमोर आले, तेव्हा लुथरने शेवटच्या भोजनात भाकरी देताना येशूने उच्चारलेले ‘हे माझे शरीर आहे’ हे शब्द लॅटिनमध्ये मेजावर खडूने लिहून ठेवले होते. चौदा कलमांवर दोघांचे एकमत झाले. पंधराव्या कलमात मात्र ख्रिस्ताचे शरीर भाकरीत प्रत्यक्ष आहे की नाही, या मुद्द्यावर बोलणे अडले. माझ्या मते हा वाद प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील मूळ तक्रारीपासून दूर गेला. करिंथच्या ख्रिस्ती मंडळीत सुखवस्तू लोक आधीच जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत, म्हणून पौल संतापला होता. ‘शरीर न ओळखता’ खाणे म्हणजे शेजारच्या भुकेल्याला न ओळखणे, कारण एकाच भाकरीचे भागीदार असल्यामुळे आपण सारे एक शरीर आहोत, असे त्याच पत्राच्या दहाव्या अध्यायात त्याने लिहिले आहे.

वसईकर वाचक:
ताई, आपली खंत मला समजते, पण अर्थ अपुरा वाटतो. अकराव्या अध्यायाचे सत्ताविसावे वचन पाहावे: अयोग्य प्रकारे खाणारा ‘प्रभूच्या शरीराविषयी व रक्ताविषयी’ दोषी ठरतो, असे तिथे म्हटले आहे. रक्ताचा उल्लेख आला, की शरीर म्हणजे केवळ मंडळी, असे म्हणता येत नाही. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने लिहून ठेवले आहे की, जे उपासनेला येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे सेवक हा प्रसाद घेऊन जात. आजही आमचे धर्मगुरू अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी तो नेतात. माझ्या आजीला शेवटच्या महिन्यात घासही गिळवत नव्हता. ओस्तीचा, म्हणजे प्रसादाच्या पातळ भाकरीचा, नखाएवढा तुकडा चमचाभर पाण्याबरोबर तिच्या जिभेवर ठेवला, की ती डोळे मिटून स्पष्टपणे ‘आमेन’ म्हणायची. तिथे ना रांग होती, ना पंगत. मग तिला भेटायला कोण आले होते?

निवृत्त पाळक:
मी दोघांशीही सहमत नाही. ‘माझ्या स्मरणार्थ हे करा’ ही प्रभूची आज्ञा आहे, आणि स्मरणाला ‘केवळ’ हे विशेषण लावणे मला पटत नाही. ते भोजन वल्हांडणाच्या सणातले होते. त्या सणाला यहुदी कुटुंब मिसर देशातून झालेली सुटका आठवते, ती पूर्वजांची जुनी हकीकत म्हणून नव्हे, तर जणू आपण स्वतःच त्या रात्री बाहेर पडलो, अशा भावनेने. प्रभूचे मरण आपण असेच आठवतो. ताईंचा अर्थ मान्य केला, तर कोणत्याही सहभोजनाला प्रभुभोजन म्हणावे लागेल.

नगरची लेक:
सर, सहभोजन आणि प्रभुभोजन एकच, असे मी म्हणत नाही. आमच्या घरी माझी आई आदल्या रात्री काळे मनुके भिजत घालत असे आणि सकाळी ते कुस्करून, पातळ कापडातून गाळून प्रभुभोजनाच्या प्याल्यांसाठी रस काढत असे. एकदा तिचे शेजारणीशी कडाक्याचे भांडण झाले होते. रस गाळून झाल्यावर तो तसाच झाकून ती आधी तिच्या दारात गेली, दोघी रडल्या, आणि मगच आम्ही देवळात गेलो. प्रभूचे मरण आठवल्यामुळेच तिला शेजारणीकडे जावे लागले, हे मी मान्य करते. पण ती गेली नसती, तर त्या स्मरणाला काय अर्थ उरला असता?

वसईकरदादा, आपल्या आजीच्या प्रश्नाला माझ्या मांडणीत उत्तर नाही. तरीही तो प्रसाद कोणीतरी तिच्या उंबरठ्यापर्यंत चालत नेला होता, आणि मंडळी तिला विसरली नव्हती, एवढे मला त्यात दिसते.

वसईकर वाचक:
मंडळी आली होती, हे खरे. पण आजीने ‘आमेन’ म्हटले, ते ‘ख्रिस्ताचे शरीर’ या शब्दांना. आपण बाकावर बसून राहिलात याचे मलाही दुःख आहे. मात्र त्या शब्दावर एकमत नसताना रांगेत एकत्र उभे राहणे मला अजून प्रामाणिक वाटत नाही.