मदत हवी आहे : शिक्षकाने विधानसभेसाठी राजीनामा नेमका केव्हा द्यावा?

नमस्कार. आमच्या वाडीतले गुरुजी रत्नागिरी जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात आणि आता विधानसभेची निवडणूक अपक्ष म्हणून लढवावी, असा आम्हा गावकऱ्यांचा आग्रह आहे. जुलै 2021 मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले तेव्हा हेच गुरुजी फावडे आणि घमेले घेऊन अनोळखी माणसांच्या माजघरातला गुडघाभर चिखल चार दिवस उपसत होते.

अपक्षाला 10 सूचक लागतात आणि सर्वसाधारण उमेदवाराची अनामत रक्कम 10,000 रुपये असते, एवढे आम्ही वाचले आहे. सूचक त्याच मतदारसंघाचे मतदार असावे लागतात आणि आमची तर निम्मी वाडी चाकरमान्यांची, गणपतीला हौसेने येणारी, पण मतदारयादीत मुंबईची. तरीही दहा जण कसेबसे जमतील.

खरी अडचण नोकरीची आहे. सेवेत राहून उमेदवारी करता येत नाही, हे उघड आहे. परंतु राजीनामा नुसता देऊन भागते, की अर्जाच्या छाननीपूर्वी तो मंजूर झाल्याचे पत्र हाती असणे आवश्यक आहे, आणि त्यासाठी किती आधी अर्ज करावा? स्वेच्छानिवृत्ती घेतल्यास निवृत्तिवेतन शाबूत राहते का? गुरुजींची सेवा 22 वर्षांची आहे, घरात म्हातारी आई आहे, त्यामुळे आम्हाला उत्साहाच्या भरात त्यांना खड्ड्यात घालायचे नाही. ज्यांनी स्वतः ही प्रक्रिया पार पाडली आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.