प्राचीन मराठी वाङ्मयेतिहासासाठी एकच पुस्तक घ्यायचे तर कोणते घ्यावे?

शाईचा_डाग:
नमस्कार. मी कला शाखेच्या द्वितीय वर्षात असून मराठी हा माझा विशेष विषय आहे. आरंभापासून 1818 पर्यंतचा वाङ्मयेतिहास यंदा अभ्यासाला आहे. महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील संदर्भग्रंथ घरी नेता येत नाहीत आणि शेवटच्या तासानंतर लगेच एसटी गाठावी लागत असल्यामुळे तेथे बसून वाचणेही जमत नाही. कृपया 500 रुपयांच्या आत मिळेल असे एकच पुस्तक सुचवावे.

कपाटभर:
महाराष्ट्र साहित्य परिषदेचे खंड घ्यावेत, त्यांना पर्याय नाही. पहिल्या खंडाचे संपादन शं. गो. तुळपुळे यांनी केले आहे, एवढे सांगितले तरी पुरे. माझ्याकडे सगळे खंड कापडी बांधणी करून ठेवलेले आहेत आणि आमच्याकडे येणारा प्रत्येक प्राध्यापक प्रथम त्या कपाटापाशीच जातो. ग्रंथखरेदीत काटकसर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कृष्णाकाठ:
विद्यार्थिनीने 500 रुपये म्हटले आहे, कपाट म्हटलेले नाही. ल. रा. नसिराबादकर यांचा ‘प्राचीन मराठी वाङ्मयाचा इतिहास’ घ्यावा. त्यात कालखंड, संप्रदाय आणि ग्रंथकार यांची मांडणी परीक्षेच्या सोयीची आहे. आमच्या वर्गातील निम्मी मुले त्याच पुस्तकावर उत्तीर्ण झाली. उरलेल्या निम्म्यांनी ते उघडलेच नव्हते.

सेटचा_उमेदवार:
काहीही घ्या, पण बाजारातील प्रश्नोत्तरांची पुस्तके घेऊ नका. मी घेतलेल्या एका मार्गदर्शकात शके आणि इसवी सन यांची सरमिसळ होती. ज्ञानेश्वरीचे साल 1212 असे छापून त्यापुढे ‘इसवी’ लिहिले होते, म्हणजे ज्ञानेश्वरांचा जन्म होण्याच्या कितीतरी आधीच ग्रंथ सिद्ध झाला! ‘शके बाराशते बारोत्तरे’ ही ओवी ग्रंथातच आहे. त्यात 78 मिळवले की 1290 येते. प्रकाशकाला पत्र पाठवले, त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही.

अंबानगरीकर:
सालांचा विषय निघालाच आहे, तर आरंभ ‘विवेकसिंधु’पासून, म्हणजे शके 1110 पासून धरणारे पुस्तक घ्यावे. मुकुंदराजांनी तो ग्रंथ आमच्या अंबाजोगाईस लिहिला आणि त्यांची समाधीही येथेच आहे.

वैनगंगा:
ग्रंथातील अंबानगर म्हणजे वैनगंगेच्या काठचे अंभोरा, असे विदर्भातील अभ्यासकांनी सप्रमाण मांडले आहे. शिवाय त्या कालनिर्णयावरही एकमत नाही. मराठीतील आद्य गद्यग्रंथ म्हणून म्हाइंभटांच्या लीळाचरित्राचे स्थान मात्र पक्के आहे आणि तो ग्रंथ ऋद्धिपूरला, म्हणजे विदर्भातच सिद्ध झाला.

अंबानगरीकर:
समाधीचे काय, ते सांगितले नाहीत.

निवृत्त_अध्यापिका:
गावांचा वाद दुसरीकडे न्यावा. बाळ, पुस्तक कोणतेही घे, पण ते शतकानुसार पाठ करू नकोस. महानुभावांचे गद्य, वारकरी कविता, पंडिती काव्य, बखर आणि शाहिरी असे प्रवाह धर, प्रत्येकातील एक उतारा मुळातून वाच आणि हे प्रवाह एकमेकांना कोठे भेटतात ते पाहा. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली; ही एक घटना नीट समजली की तेराव्या आणि सोळाव्या शतकांमधला धागा हाती येतो, शिवाय हस्तलिखितांत पाठ कसे बिघडत जातात हेही कळते. पंडिती कविता संपली आणि मग शाहिरी सुरू झाली, असेही लिहू नकोस. मोरोपंत 1794 मध्ये वारले, तेव्हा अनंत फंदी हयात होते आणि रचनाही करीत होते. उत्तरपत्रिका तपासताना अशी एखादी ओळ दिसली की मी थांबून पुढचे लक्षपूर्वक वाचत असे.

सुगीचे_दिवस:
नसिराबादकर घ्यावे. वर कोणी सुचवले असल्यास क्षमस्व, सगळे वाचलेले नाही.

कपाटभर:
परिषदेचा निदान पहिला खंड तरी घ्यावा.

शाईचा_डाग:
सर्वांचे आभार. शनिवारी जुन्या पुस्तकांच्या दुकानात नसिराबादकर मिळाले होते, पण शेजारीच वि. ल. भावे यांच्या ‘महाराष्ट्र सारस्वता’ची जुनी प्रत 280 रुपयांना होती. उभ्या उभ्या चार पाने वाचली आणि तीच घेतली. भावे आवडते-नावडते लपवत नाहीत, त्यामुळे वाचताना कोणीतरी समोर बसून सांगत आहे असे वाटते. परीक्षेपुरते टिपण मैत्रिणीच्या पुस्तकावरून काढीन.

कृष्णाकाठ:
मग विचारले कशाला? ते पुस्तक परीक्षेला जुने पडते.

निवृत्त_अध्यापिका:
भाव्यांची पहिली आवृत्ती निघाली तेव्हा महानुभावांच्या पोथ्या सांकेतिक लिप्यांत बंद होत्या. सकळ लिपी उलगडली ती त्यानंतर. तुझ्या प्रतीत तुळपुळ्यांची पुरवणी आहे का ते पाहा आणि असल्यास महानुभावांविषयी मूळ प्रकरणाबरोबर तीही वाच. नसेल तर तेवढा भाग मैत्रिणीकडून घे.