चंद्रावर पुन्हा माणूस उतरवायला एवढा उशीर का?

धरमपेठकर : कोजागिरीला गच्चीवर दूध आटत असताना नववीतल्या भाचीने विचारले की, डिसेंबर १९७२ मधील अपोलो १७ नंतर चंद्रावर एकही माणूस उतरला नाही; तर मग तेव्हाच्या जुजबी संगणकांवर जे जमले, ते पुन्हा करायला एवढी वर्षे का लागावीत? मी ‘पैसा’ एवढेच उत्तर दिले. तिचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही नाही. जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

महालवासी : आपले उत्तर चुकीचे नाही. सोव्हिएत संघाशी चाललेल्या चढाओढीत, १९६६ च्या सुमारास, अमेरिकेच्या केंद्रीय खर्चातील चार टक्क्यांहून अधिक वाटा नासाला मिळत होता. शर्यत जिंकल्यावर अपोलो १८ ते २० या मोहिमा रद्दच झाल्या.

निरीक्षक : पैशाचा मुद्दा मान्य, परंतु तेव्हाचेच काम पुन्हा करायचे आहे, हे प्रश्नातील गृहीतक मला पटत नाही. अपोलोची सहाही याने पृथ्वीकडील बाजूला, विषुववृत्तापासून फार दूर नसलेल्या भागांत उतरली आणि सर्वांत लांबचा मुक्काम सुमारे ७५ तासांचा होता. आता लक्ष्य आहे दक्षिण ध्रुवाचा परिसर. चंद्राचा अक्ष जेमतेम दीड अंश कललेला असल्यामुळे तेथे सूर्य क्षितिजालगतच फिरतो. त्यामुळे काही उंचवट्यांवर दीर्घकाळ ऊन राहते, तर जवळच्याच खोल विवरांच्या तळाशी ते कधीच पोहोचत नाही, तापमान उणे २०० अंशांच्याही खाली जाते आणि म्हणूनच तेथे बर्फ टिकून आहे. तो काढता आला, तर पाणी, प्राणवायू आणि रॉकेटचे इंधन तेथेच मिळू शकेल. मात्र अशा तिरप्या उन्हातील लांबच लांब सावल्यांत उतरण्याजोगी जागा पारखणे फार अवघड आहे. आपले चांद्रयान-३ सुद्धा सुमारे ६९ अंश दक्षिण अक्षांशावर, म्हणजे ध्रुवापासून सहाशेहून अधिक किलोमीटर अलीकडे उतरले होते. (काही वृत्तवाहिन्यांनी त्याला थेट ध्रुवावर नेऊन ठेवले, ती गोष्ट निराळी.)

महालवासी : तरीही बर्फाच्या भरवशावर एवढा डोलारा उभारणे मला घाईचे वाटते, कारण तो किती आहे आणि मातीत कसा मिसळलेला आहे, हे खणल्याशिवाय नेमके कळणार नाही. शिवाय स्पेसएक्सच्या नियोजित अवतरण यानाला पृथ्वीभोवतीच्या कक्षेतच, अनेक फेऱ्यांमधून, अतिशीत इंधन भरून घ्यावे लागणार आहे. माझ्या मते खरा वेळ तेथेच जातो आहे.

धरमपेठकर : दोघांचेही आभार. हे सारे भाचीला वाचून दाखवले, तर तिने लगेच विचारले की, जेथे ऊनच नाही तेथे खणणारे यंत्र विजेवाचून कसे चालवणार?

निरीक्षक : उंचवट्यावर सौर पट्ट्या आणि तेथून खाली केबल, किंवा छोटी अणुभट्टी, दोन्हींवर विचार चालू आहे.